पोळ्याची पहिली जोडी

९ सप्टेंबर. सकाळपासून निगेटिव्हवरची बुरशी पुसत बसले आहे. यवतमाळच्या पावसाळ्यात कपाटातल्या लुगड्यांना जो वास येतो तोच फिल्मलाही येतो, फरक इतकाच की फिल्म धुऊन दोरीवर टाकता येत नाही. एकेक पट्टी काढायची, उजेडाच्या पेटीवर ठेवायची, औषधात बुडवलेल्या बोळ्यानं एकाच दिशेनं पुसायची आणि पंख्याखाली लटकवायची. बोळ्यासाठी कापूस मेडिकलच्या दुकानातून आणावा लागतो. कापसाच्या जिल्ह्यात जन्म घालवून मी कापूस विकत आणते याची माझ्या भावाला मजा वाटते, पण घरच्या कापसात सरकीचं टरफल राहिलं तर फिल्मवर कायमचा ओरखडा पडतो आणि मग मजा वाटायला काही उरत नाही.

माझ्या फोटोंना पुरस्कार मिळाल्यापासून लोक विचारतात की तुम्ही रंग कुठे शिकलात. मी वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी उत्तरं दिली आहेत. पळसाचं रान, तांड्यावरच्या बायांचे आरशांचे कपडे, सागाची कोवळी पानं चोळली की लाल होणारे तळहात. ही उत्तरं ऐकायला बरी वाटतात म्हणून छापूनही येतात. खरं उत्तर पोळा हे आहे, पण ते लांबलचक आहे आणि त्यात बैल फार आहेत. पुस्तकात जागा असते, म्हणून इथे लिहून टाकते.

आमचं गाव दारव्हा तालुक्यात, बोरी अरबच्या बाजाराला सायकलीनं जाऊन यावं इतक्या अंतरावर. बाबांची कास्तकारी कापूस, तूर आणि थोड्या ज्वारीची. घरात बाबा, आई, मी आणि धाकटा भाऊ. आणि गोठ्यात पांढऱ्या बैलांची जोडी, जिला घरातलीच धरलं तर माणसांच्या आधी धरावं लागेल. बाबा शेतातून आले की आधी बैलांना पाणी, मग पेंड, मग त्यांच्या पाठीवरून हात, मग स्वतःचे पाय धुणं, आणि त्यानंतर कधीतरी आम्ही. पहाटे बैलांच्या गळ्यातल्या घाटीचा आवाज बदलला की बाबांना झोपेतच कळायचं की वैरण संपली. आईच्या खोकल्याचा आवाज बदलला तर त्यांना कळायचं नाही, हे आईनं आम्हाला अनेकदा सांगितलं आहे, तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून. आई चुलीसमोर बसली की भाकरीच्या थापण्याचा आवाज शेजारच्या गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजात मिसळायचा. पावसाळ्यात रोजचं जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी, मुगवड्यांची पातळ भाजी आणि मिरचीचा ठेचा. ठेचा इतका तिखट की नवीन माणूस पहिल्या घासानंतर बोलायचं थांबायचा. आई पाहुणा जास्त बोलणारा असला तर ठेचा आधी वाढायची.

ही गोष्ट घडली त्या वर्षी मी बारावी सायन्सची परीक्षा देऊन घरी आले होते. मला इतके मार्क पडले होते की डॉक्टर होता येणार नाही आणि नापासही म्हणता येणार नाही. अशा मार्कांचं काय करायचं हे आमच्या घरी कोणालाच माहीत नव्हतं. शिकायला मी दारव्ह्याला मामाकडे होते. मामाचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, लग्नं, बारसं, आणि मेलेल्या माणसाला खुर्चीत बसवून घरच्यांनी भोवती उभं राहून काढायचा शेवटचा फोटो. यातलं काहीही मामा सारख्याच चेहऱ्यानं काढायचा. कॉलेज सुटलं की मी तिथे बसायचे. बायांना पदर नीट करायला, हनुवटी वर करायला पुरुषाचा हात नको असायचा, म्हणून ते काम माझ्याकडे आलं, आणि हळूहळू बाकीचंही आलं. मामानं मला त्याचा जुना कॅमेरा दिला होता. चौकोनी डबा, वरून खाली डोकावून पाहायचं. त्यात फिल्म आपली आपण पुढे सरकत नसे. बटण दाबल्यावर हातानं चक्री फिरवावी लागे. फिरवायला विसरलं की एका फोटोवर दुसरा फोटो यायचा. अशाच विसरण्यातून मामानं एकदा एका नवरदेवाच्या छातीवर त्याच्या सासूचं डोकं उमटवलं होतं आणि ते लग्न टिकलं, हे तो प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगायचा.

स्टुडिओच्या बाजूला लग्नपत्रिका छापणारा छापखाना होता. तिथे गणपती तीनदा छापला जाताना मी पाहिला. आधी नुसता लाल, मग त्याच कागदावर पिवळा, मग काळ्या रेघा. मधल्या अवस्थेत गणपती भीतीदायक दिसायचा, शेवटी बरा दिसायचा. फिजिक्सच्या पुस्तकात लिहिलं होतं की लाल, हिरवा आणि निळा उजेड एकत्र केला की पांढरा होतो. छापखाना कागदावर जे करतो ते फिल्मवर का करू नये, असं माझ्या मनात आलं. यात प्रतिभा वगैरे काही नव्हती. माझ्याकडे फिरवल्याशिवाय न सरकणारी फिल्म होती आणि मांडवात ट्यूबलाइटला गुंडाळतात ते रंगीत जिलेटिन कागद फुकट मिळत होते. एकाच फ्रेमवर तीन फोटो घ्यायचे: एक लाल कागदातून, एक हिरव्या, एक निळ्या. जे जागचं हलत नाही त्याचे तीनही रंग एकावर एक बसतात आणि ते आहे तसं दिसतं. जे हलतं ते तीन ठिकाणी तीन रंगांचं दिसतं. पहिला असा फोटो मी आईचा काढला, भाकरी थापताना. चूल, भिंत, तवा सगळं जसंच्या तसं, आणि आईचे हात लाल, हिरवे, निळे, जिथे पाहावं तिथे. आईनं फोटो उजेडात धरून पाहिला.

"खरंच इतके हात असते तं बरं झालं असतं," ती म्हणाली आणि तो पिठाच्या डब्यामागे ठेवून दिला.

आता अडचण काय होती ते सांगते. मामाला मी स्टुडिओत कायमची हवी होते. मलाही तेच हवं होतं. पण दिग्रसला दिलेल्या माझ्या आत्यानं तिकडचं एक स्थळ आणलं होतं. घरचं कृषी केंद्र, बियाणं-औषधांचं दुकान, चुलत्यांचं एकत्र कुटुंब. मुलगा वाईट नव्हता. मी त्याला पाहिलं नव्हतं, त्यामुळे वाईट म्हणायला काही कारण नव्हतं. आत्या म्हणाली होती की भाद्रपदात महालक्ष्म्यांना, म्हणजे गौरींच्या सणाला, ती येईल तेव्हा मुलाचे मोठे काका सोबत येतील, घर पाहतील आणि गोष्ट पक्की करून टाकू. बाबांनी मामाला सांगितलं, "महालक्ष्म्या होऊन जाऊ दे, मंग पाहू." बाबांच्या 'पाहू'चा अर्थ काय असतो हे मला ठाऊक होतं. ते ज्याला नाही म्हणायचे त्याला नाहीच म्हणायचे. स्थळाला त्यांनी नाही म्हटलं नव्हतं, म्हणजे ती गोष्ट झाल्यात जमा. स्टुडिओत उभं राहायचं की कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर राहायचं, हे श्रावणाच्या अमावस्येपासून, म्हणजे पोळ्यापासून, महालक्ष्म्यांपर्यंतच्या दिवसांत ठरणार होतं, आणि त्यात माझं मत कोणी विचारणार नव्हतं. मी ते दोनदा न विचारता सांगून पाहिलं. दोन्ही वेळा बाबा बैलांकडे गेले.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपानं शेकतात. दुसऱ्या दिवशी त्यांना धुऊन, शिंगं रंगवून, अंगावर झूल टाकून गावातल्या मारुतीसमोर आणतात. तिथे दोन खांबांना आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं असतं. त्याखाली जोड्या रांगेनं उभ्या राहतात आणि रांगेत पहिली जोडी कोणाची, हा मान असतो. हा मान आमच्या गावात पाटलांचा होता. दुसरी जोडी आमची. बाबांना दुसरं असण्याबद्दल कधी तक्रार नव्हती, पण त्या वर्षी पाटलांनी बैल विकून ट्रॅक्टर घेतला आणि बाबांना एकदम तक्रार सुचली.

पोळ्याच्या आठवडाभर आधी सरपंचांच्या ओट्यावर हे भांडण झालं. मी तिथे नव्हते, पण आमच्या घरापर्यंत ऐकू येत होतं.

"मान बैलाचा असते," बाबा म्हणत होते. "तुमच्या घरी बैल कुठी हाये आता? ट्रॅक्टरले पुरणपोळी चारान काय?"

"मान घराचा असते, वासुदेवा. माह्या बाच्या वक्तापासून किती बैल मेले न् किती आले. मान काय त्यायच्या संग खड्ड्यात गेला?"

"गोठ्यात शेपूट नाई, न् मान पाहिजे!"

"शेपूट आणतो. तू पाह्यतच राह्य."

पाटलांनी खरंच शेपट्या आणल्या. गावालगतच्या तांड्यावर फुलसिंगभाऊ म्हणून बंजारा कास्तकार होते. त्यांची जोडी उंच, दुधासारखी पांढरी, आणि तांड्याच्या पोळ्यात उभी राहून झाल्यावर मोकळीच असायची. पाटलांनी ती एका संध्याकाळपुरती मागून घेतली. फुलसिंगभाऊ 'घेऊन जा' म्हणाले. ते कमी बोलणारे. बैल दिले, पण कासऱ्याला धरायला स्वतः सोबत आले, कारण बैल अनोळखी हाताला बुजतात.

पोळ्याच्या दुपारी मी शाळेच्या ओट्यावर कॅमेरा तिपाईवर लावून उभी होते. सकाळी मी बाबांचा आणि बैलांचा साधा फोटो काढून दिला होता, म्हणजे घरचं काम संपलं होतं. आता मला माझा फोटो काढायचा होता. तोरणाचे खांब, लिंब, मारुतीचं देऊळ हलणार नव्हतं. तोरण तुटलं की बैल पळणार होते. माझ्या कागदांसाठी यापेक्षा चांगली वेळ वर्षभरात येणार नव्हती. लाल, हिरवा, निळा, असे तीन तुकडे मी डाव्या हाताच्या बोटांत पत्त्यांसारखे धरून ठेवले होते. खाली डफडं वाजत होतं आणि झडत्या सुरू होत्या. झडत्या म्हणजे पोळ्याला एकमेकांची टर उडवत म्हणायच्या दोन-दोन ओळी, शेवटी सगळ्यांनी मिळून 'हर हर महादेव'. बाबांच्या बाजूच्या कोणीतरी सुरुवात केली:

"ट्रॅक्टर आणला डिझेलवाला, शिंगंच नाई रंगवाले,
उसने बैल आणले पाटलानं तोरणाखाली नाचवाले!"

पाटलांच्या बाजूनं उत्तर आलं, पण ते आमच्या घरच्या बायांबद्दल होतं आणि छापण्यासारखं नाही.

रांग लावायची वेळ आली तेव्हा पुन्हा भांडण झालं. शेवटी सरपंचांनी तोडगा काढला: दोन्ही जोड्या पुढे बाजूबाजूला उभ्या करा, तोरण तुटल्यावर जी आधी पार होईल तिचा मान. दोघांनी मान्य केलं. मग कोणीतरी विचारलं की हे पाहणार कोण, कारण पाहणारा प्रत्येक जण कोणत्या ना कोणत्या बाजूचा आहे. बाबांनी शाळेच्या ओट्याकडे बोट केलं. "माही पोरगी फोटो काढून राह्यली. फोटो खोटं बोलते काय?" पाटलांनी विचार केला आणि तेही म्हणाले, की फोटो खोटं बोलत नाही. हे सगळं डफड्याच्या आवाजात, माझ्यापासून दूर झालं. मला कोणी येऊन सांगितलं नाही. एक माणूस शिडी चढावी तसा ओट्याच्या पायऱ्या चढून आला असता तर मी कागद खिशात ठेवून साधा फोटो काढला असता, आणि आज बहुधा कृषी केंद्राच्या हिशेबाला बसले असते.

तोरण तुटलं. मी लाल कागद धरून बटण दाबलं, मग हिरवा, मग निळा. तोपर्यंत सगळी रांग सुटली होती, गुलाल उडाला होता आणि माणसं बैलांच्या मागे धावत होती. मी समाधानानं चक्री फिरवली.

खाली पाहिलं तर सगळं गाव माझ्याकडे पाहत होतं.

नंतर कळलं ते असं. तोरण तुटताना कोणीच नीट पाहिलं नव्हतं. फोटो निघतो आहे म्हटल्यावर पाहायची गरज कोणाला वाटली नाही. काही जण तर फोटोत चांगलं यावं म्हणून माझ्याकडे तोंड करून उभे होते. बाबा म्हणत होते आपली जोडी आधी, पाटील म्हणत होते आपली, आणि बाकीचे म्हणत होते फोटो येऊ द्या. फोटो यायला वेळ लागणार होता, कारण रंगीत रोल यवतमाळच्या लॅबला जायचा. मधल्या दिवसांत बाबा माझ्याशी फार चांगले वागले. एकदा त्यांनी मला विचारलं की या कामाला नागपूरला शाळा असते म्हणतात ते खरं काय. मी हो म्हटलं. फोटोत काय आहे हे सांगायची ती वेळ होती, पण फोटोत काय आहे हे मलाच माहीत नव्हतं, आणि धुतल्याशिवाय फिल्मबद्दल बोलण्यात अर्थ नसतो. हे मी आजही माझ्या विद्यार्थ्यांना सांगते.

फोटो घेऊन मामा स्वतः लुनावर आला, महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी. गावाची गोष्ट दारव्ह्यापर्यंत पोचली होती. प्रिंटच्या मागे लॅबवाल्यानं पेनानं 'खराब' लिहिलं होतं. तो प्रिंट आता एका संग्रहालयात आहे, आणि तिथल्या बाईंनी तो काचेच्या दोन तावदानांमध्ये असा लावला आहे की लोकांना मागून जाऊन ते 'खराब' वाचता यावं. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, लावा, अक्षर चांगलं आहे.

चावडीवर सरपंचांनी फोटो हातात घेतला. देऊळ देवळासारखं होतं, लिंब लिंबासारखा. तोरणाच्या खांबांमधून लाल बैल बाहेर पडत होते. त्यांच्याच अंगातून, त्याच जागी, हिरवे बैल बाहेर पडत होते. आणि त्या दोन्हींवरून निळी माणसं धावत होती, काहींना पाय नव्हते.

"हे काय व, कुंदा?" सरपंच म्हणाले.

मी कागदांचं सांगितलं. निम्म्यांना कळलं, निम्म्यांनी कळल्यासारखं केलं. चावडीच्या कट्ट्यावर आत्यासोबत आलेले दिग्रसचे काका बसले होते. पाहुण्यांना करमणूक म्हणून बाबांनीच आणलं होतं. पाटलांनी फोटो डोळ्यांजवळ नेला.

"लाल जोडी माही. हे पाहा, उजव्या बैलाचं शिंग वाकडं. फुलसिंगचाच बैल हाये हा."

"हिरवी आपली," बाबा म्हणाले. "झूल ओळखतो मी."

"दोघंही तोरणातच हायेत," सरपंच म्हणाले. "दोघंही पहिले. आता कसं?"

तेव्हा गिरणीवाल्यानं विचारलं ते मी अजून विसरले नाही. तो म्हणाला, "पोरी, कोणता रंग पहिले काढला?"

फोटोत त्याचं उत्तर नव्हतं. कोणता कागद आधी लावला हे अशा फोटोवरून सांगता येत नाही. रंग एकमेकांवर बसतात आणि क्रम पुसला जातो. आज जे लोक माझ्या कामाबद्दल लेख लिहितात ते या मुद्द्यावर पानंच्या पानं लिहितात. त्या दिवशी मुद्दा असा होता की क्रम फक्त मला माहीत होता. बाबा माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर नागपूरची शाळा होती, आणि ती शाळा कोणत्या उत्तराला मिळेल हेही स्पष्ट होतं. 'हिरवा' म्हटलं असतं तर कोणी खोडून काढू शकलं नसतं.

"लाल," मी म्हटलं. "आधी लाल, मग हिरवा, मग निळा."

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. बाबा खाली पाहू लागले. कोणीतरी 'झालं, झालं' म्हणालं आणि लोक उठायला लागले. तेवढ्यात मागून फुलसिंगभाऊ उभे राहिले.

"बळद मार छ," ते म्हणाले, आणि मग सगळ्यांना समजावं म्हणून मराठीत, "बैल माहे हायेत."

"तं काय झालं?" पाटील म्हणाले. "मीनंच आणले होते ना?"

"आणले तुमी. पण वासुदेवभाऊ बोलले होते, मान बैलाचा असते, घराचा नाई. त्या दिवशी तांड्यापर्यंत आवाज आलता." फुलसिंगभाऊ बाबांकडे वळले. "बोलले होते का नाई, भाऊ?"

आता सगळी चावडी बाबांकडे पाहत होती. मान घराचा म्हटला तर पाटलांचा. बैलाचा म्हटला तर फुलसिंगभाऊंचा. हरायचं तर ठरलंच होतं, कोणाकडून एवढंच निवडायचं बाकी होतं. बाबांनी फार वेळ घेतला नाही.

"बोललो होतो," ते म्हणाले. "मान बैलाचा. पहिली जोडी फुलसिंगची."

"अरे, पण तो तांड्यावरचा—" पाटील म्हणाले.

"तुमीच तं आणलं त्याले तोरणाखाली," सरपंच म्हणाले. "माहीही सई त्याच्यावरच."

गाव हसलं. पाटीलही शेवटी हसले, कारण न हसून तिथे बसणं कठीण झालं होतं. ते कट्ट्यावरून उतरताना फक्त इतकंच म्हणाले, "पुढच्या पोळ्याले म्या ट्रॅक्टरच्या बोनेटले शिंगं लावतो." पुढच्या पोळ्याला त्यांनी ते केलं, पण ती गोष्ट वेगळी.

घरी आले तर आत्या महालक्ष्म्यांसमोरची अंबिलीची वाटी झाकत होती. तिला बातमी आधीच पोचली होती. गावात बातमीला लुनाची गरज नसते.

"भर चावडीत बापाच्या विरुद्ध बोलली तू," ती म्हणाली. "पाहुण्याच्या समोर. काहून व? हिरवा म्हणाले काय जात होतं तुहं?"

"हिरवा दुसरा होता, आत्या."

"माय व! दुसरा होता म्हणे."

दिग्रसचे काका जेवायला बसले. पुरणपोळी, कढी, सोळा भाज्या, सगळं होतं. आईनं त्यांना ठेचा वाढला नाही, कारण त्यांना बोलायला लावायचं होतं. ते शांतपणे जेवले, हात धुतले, सुपारी घेतली आणि बाबांना म्हणाले, "पोरगी हुशार हाये, वासुदेवराव. पण आमच्या घरी हुशार माणसं आधीच जास्त झाले. रोज कोणाचं ना कोणाचं खरं ऐकावं लागते." मग ते आणि आत्या शेवटच्या एसटीची वेळ विचारू लागले. आत्या सणाला आलेली, पण तीही त्यांच्यासोबत निघाली. जाताना तिनं महालक्ष्म्यांना नमस्कार केला आणि मला केला नाही, म्हणजे लहानांना मोठे करत नाहीतच, पण तिनं तो न करणं दिसेल असं केलं.

सगळे गेल्यावर बाबा ओट्यावर बसून राहिले. मामा लुनाला टेकून उभा होता. निघायचं सोडून कशाची तरी वाट पाहत होता. आई दारात आली.

"आता वर्षभर या घराकडे कोणी फिरकत नाई," ती म्हणाली. "चावडीची गोष्ट दिग्रसपर्यंत जाईन, तिथून पुसदपर्यंत. घरी बसून काय करन ही?"

बाबांनी मला विचारलं, "लालच पहिले होता ना?"

"हो."

"मंग काय." त्यांनी पायाची बोटं दाबली. थोड्या वेळानं म्हणाले, "माहे बैल हिरवे बरे दिसते." मग मामाकडे पाहून, "घेऊन जाय हिले दारव्ह्याले. इथं राह्यली तं उद्या आणखी कोणी साक्ष मागाले येईन."

यात माया होती की वैताग, हे मी पुढे बरीच वर्षं ठरवू शकले नाही. आता वाटतं की दोन्ही सारख्या प्रमाणात होतं आणि ठरवायची गरज नव्हती. नागपूरचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. दारव्हा मिळत होतं तेवढं घेतलं. नागपूर नंतर झालं, मुंबईही झाली, त्यासाठी वेगळं प्रकरण लागेल. आईनं माझे कपडे एका पिशवीत भरले, मुगवड्यांचा डबा दिला आणि मामाला सांगितलं की हिला सकाळी लवकर उठवत जा, ही स्वतः उठत नाही. हे खरं नव्हतं. पण तिला काहीतरी सांगायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामाच्या स्टुडिओचं शटर उघडलं, झाडून घेतलं, पडद्यावरची धूळ झटकली. मामा चहाला गेला होता, अजून आला नव्हता. पहिलं गिऱ्हाईक म्हणून एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली. स्थळासाठी दाखवायचा फोटो पाहिजे होता. मुलगी माझ्याच वयाची, पावडर लावलेली, स्टुलावर बसून पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत होती. बाईंनी मामाबद्दल विचारलं. मी म्हटलं, फोटो मीच काढणार. बाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि बहुधा परतीची एसटी चुकेल म्हणून मान्य केलं.

"थोडी गोरी आली पाहिजे," त्या म्हणाल्या.

मी दिवे लावले, मुलीच्या समोर गेले, तिचा पदर खांद्यावर सारखा केला.

"तुले कशी पाहिजे?" मी विचारलं.

"ती काय सांगन?" मुलीची आई म्हणाली. "सांगतलं ना मी, गोरी."

"तिले विचारलं, काकू."

मुलीनं आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हाये तशी," ती म्हणाली.

मी तसा काढला.